शेततळ्यासाठी कर्ज: पाण्याची सोय की डोक्यावर आणखी एक बोजा? (आडसाली, चोपण आणि गाळपेर या तिघांचा वाद)

आडसाली: सांगोला-आटपाडीकडे डाळिंबवाल्यांनी कर्ज काढून का होईना, शेततळं करावंच. ३०×३०×३ मीटरचं तळं, काठाचा उतार १:१ धरला तर २२ लाख लिटर बसतं. फेब्रुवारी ते मे रोज ७ मिमी उडालं, तर सहा लाखांवर पाणी हवेत जातं. उरलेल्यात एकरी ३०० झाडं, झाडाला रोज ४० लिटर, म्हणजे १२० दिवसांचे साडेचौदा लाख निघतात. एका एकराचा आंबिया बहार (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा) हमखास.

चोपण: हमखास कसला? तळं भरता कशानं ते सांगा. तासाला दहा हजार लिटर टाकणारी मोटर २२० तास चालवावी लागते. आठ तास वीज धरली तर जवळपास महिना. ऑगस्ट-सप्टेंबरात ओढा वाहता असताना भरलं तर माझी हरकत नाही. पण नोव्हेंबरात बोअर उपसून भरणारे कमी आहेत का? जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात वाळत घालायचं! शिवाय तळाला प्लास्टिकचा कागद, त्यामुळे मुरायचं नावच नाही. शेजारचा बोअर आटला की तोही कर्ज काढून आणखी खोल जाणार.

आडसाली: भरण्याची वेळ चुकते, त्यात तळ्याचा काय दोष?

गाळपेर: दोघेही कागद विसरलात. 'मागेल त्याला शेततळे' या सरकारी योजनेत ५० हजारांपर्यंत अनुदान होतं, पण कागद स्वखर्चाने. पैसे वाचवायला पातळ कागद घेतात, तळातले दगड-मुळ्या न वेचता अंथरतात आणि ताणून बसवतात. पाण्याचा भार आला की कोपऱ्यात जोड उसवतो. काठावर चर खोदून कडा मातीत दाबाव्या लागतात, नाहीतर वारा आत शिरून कागद उचलतो. कुंपण नसेल तर शेळ्यांच्या खुरांनी भोकं. माणसासाठी दोर आणि ट्यूब ठेवाच, त्या कागदावरून वर चढता येत नाही.

चोपण: आणि बहार गेला तरी हप्ता येतोच. फळपीक विमा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर चालतो. तुमची विहीर एप्रिलात कोरडी पडली हे त्याला दिसत नाही. त्यापेक्षा जून-जुलैचा मृग बहार धरा, पाऊस फुकट आहे.

आडसाली: फुकट पावसाबरोबर तेल्या रोगही येतो. फवारणीचा खर्च धरलात का?

गाळपेर: मग सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार धरा, ताण (फुलं यावीत म्हणून तोडलेलं पाणी) सोडायला ओलही असते. पण आंबियाच धरलात तर एका तळ्यावर दोन एकर भिजवायचा मोह नको. तोच हिशेब एप्रिलच्या मध्यावर फसतो.