बिल्डिंग मेंटेनन्सच्या लाइनमध्ये शिरायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,
वय 26, बारावी कॉमर्स, राहायला भांडुपला. मुलुंडच्या एका टॉवरमध्ये हेल्पडेस्कला आहे. कुणाकडे पाणी नाही, कुणी लिफ्टमध्ये अडकलं, की फोन मी घेतो आणि टेक्निशियनला पाठवतो. हल्ली ड्युटी संपली की त्याच्या मागे मागे पंपरूममध्ये जातो. तो बिचारा विचारलं ते सगळं सांगतो.

आता प्रश्न. या वयात आयटीआय करावं, की एखाद्या फॅसिलिटी कंपनीत हेल्पर म्हणून चिकटावं? आणि इलेक्ट्रिकल, प्लंबिंग की एसी? घरी पगार थांबून चालणार नाही. बाबांचं म्हणणं, "खुर्चीवरचं काम सोडून पाना कशाला हातात घेतोस?" त्यांना काय सांगू तेही सुचवा.

मीटररूम:
वयाची काळजी सोडा. आयटीआयला किमान 14 वर्षं लागतात, वरची मर्यादा नाही. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) आणि तारतंत्री (वायरमन) दोन-दोन वर्षं, नळ कारागीर (प्लंबर) एक वर्ष. प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात. मुलुंड आणि कुर्ला, दोन्हीकडे सरकारी आयटीआय आहे, तुम्हाला जवळच. खरी अडचण हजेरीची, 80 टक्के लागते. तुमचा टॉवर रात्रीही चालतो ना? मग नाइट शिफ्ट मागून घ्या. झोपेचं खोबरं होईल, पण पगार चालू राहील.

ट्रेड विचाराल तर वीजतंत्री. मी हॉटेलच्या इंजिनीअरिंगमध्ये आहे, त्यामुळे थोडा पक्षपाती असेन, पण कारण ऐका. मुंबईत पालिकेचं पाणी ठरल्या वेळी येतं, खालच्या टाकीत साठतं, तिथून पंपाने गच्चीवर चढवायचं. सकाळी वरची टाकी कोरडी निघाली की सगळे आधी प्लंबरला हाक मारतात. तो फूटव्हॉल्व्ह (टाकीतल्या पाइपच्या तळाचा व्हॉल्व्ह) बघतो, पंपाने हवा धरलीय का बघतो. पण मोटरला वीज देणाऱ्या तीन फेजपैकी एक गेलेला असेल आणि कुणीतरी सिंगल फेज प्रिव्हेंटर (फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) बायपास करून ठेवला असेल, तर मोटर उरलेल्या दोन फेजवर घुरघुरत तापते आणि जळते. नवं वाइंडिंग (आतली तारेची वेटोळी) भरून आणलं, तरी पॅनल (मोटरला वीज सोडणारी पेटी) तसंच राहिलं तर पुन्हा जळणार. लिफ्ट, एसी, फायर पंप, सगळीकडे शेवटी मोटर आणि पॅनलच. वीज कळणारा माणूस नळाचं काम कुणाच्या तरी हाताखाली शिकून जातो. उलटं फार कमी पाहिलंय.

शिवाय कागदाचं महत्त्व. वायरिंगचं काम नियमाने परवाना असलेल्याकडूनच व्हायला हवं. आयटीआयनंतर तारतंत्रीचं प्रमाणपत्र काढता येतं, पुढे सुपरवायझरचं. ते नसेल तर हेल्परचा फार तर जुना हेल्पर होतो. आयटीआय झाली की अप्रेंटिसशिपही करा, त्यात विद्यावेतन मिळतं.

आणि हो, तोवर टेक्निशियनच्या मागे उभं राहून बघा, पण चालू पॅनलमध्ये हात घालू नका. तो म्हणाला तरी नाही.

गारवा:
एसीत उन्हाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसते आणि पावसाळ्यात फोन वाजत नाही. बाहेरच्या युनिटसाठी छज्ज्यावर उतरावं लागतं, सेफ्टी बेल्टशिवाय उतरू नका. नव्या मशीनमधला आर-32 गॅस पेट घेऊ शकतो, तेव्हा गॅस भरणं हे यूट्यूब बघून शिकायचं काम नव्हे. बाकी मीटररूम यांच्याशी सहमत.

सेक्रेटरी_ताई:
मी दुसऱ्या बाजूची, म्हणजे तुम्हाला बोलावणारी. आमच्यासारख्या जुन्या सोसायट्यांना काम चोख करणारा आणि काय केलं ते दोन वाक्यांत सांगणारा माणूस मिळाला की आम्ही त्याला सोडत नाही. तुम्ही आज रोज रहिवाशांच्या तक्रारी ऐकता ना? ती सवय कमी समजू नका.

एक वाट कुणी सुचवली नाही, फायरची. महाराष्ट्रात 2006 च्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून आगप्रतिबंधक यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, घ्यावं लागतं. त्यामुळे हायड्रंट, स्प्रिंकलर, पंप तपासणाऱ्या एजन्सींना काम वर्षानुवर्षं असतं. आयटीआयनंतर तिथेही विचारून बघा.

बाबांना सांगा, खुर्ची कधीही मिळेल. (हे आईच्या भूमिकेतून लिहितेय, सेक्रेटरीच्या नाही.) आणि ड्रेनेजच्या चेंबरमध्ये किंवा एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) टाकीत उतरायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. माणसाला अशा कामाला जुंपायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, आणि आतला वायू दिसत नाही.

भांडुपकर26 (धागाकर्ता):
सगळ्यांचे आभार! नाइट शिफ्टचं मॅनेजरशी बोललो, "बघतो" म्हणालेत. फॉर्म निघाले की वीजतंत्रीच पहिला पर्याय टाकतो. एक शेवटचं: हत्यारं आताच घेऊन ठेवू का? कुठून?

मीटररूम:
पूर्ण संच आत्ता नको, शिकताना कळेल काय लागतं ते. इलेक्ट्रिकलचं सामान लोहार चाळीत, पाने-पक्कड नागदेवीला. दोन्ही बाजार पायी फिरा आणि तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय पाकीट काढू नका. पहिली खरेदी मल्टिमीटरची, चांगल्या कंपनीचा. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणून वायर मेलेली आहे असं धरून चालू नका. मीटर आधी चालू पॉइंटवर तपासा, मग कामाच्या वायरवर लावा, आणि नंतर पुन्हा चालू पॉइंटवर.