ग्झीरा युनायटेड : हयदुकवरचा विजय

माल्टातील छोट्या फुटबॉल क्लबांच्या इतिहासात पराभवांखेरीज सांगण्यासारखे काही नाही, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. ग्झीरा या गावाच्या ग्झीरा युनायटेड क्लबचेच उदाहरण पाहावे. ग्झीरा म्हणजे माल्टी भाषेत बेट. आपला ‘जंजिरा’ ज्या अरबी शब्दावरून आला, त्याच शब्दाचे हे रूप आहे. गावासमोरच्या मानोएल बेटावरून गावाला हे नाव पडले.

माल्टाचे जुने एम्पायर स्टेडियमही याच गावात होते. तेथे हिरवळ नव्हती, नुसती टणक जमीन होती. 1967 मध्ये, पुढे त्याच हंगामात युरोपियन कप जिंकणाऱ्या मँचेस्टर युनायटेडला माल्टाच्याच हिबर्नियन्स या क्लबने याच मैदानावर 0-0 असे रोखले होते.

ग्झीराने 1973 मध्ये माल्टाच्या फुटबॉल संघटनेचा (एफए) करंडक जिंकला खरा, परंतु नंतर बराच काळ हा क्लब खालच्या श्रेणींत राहिला. म्हणूनच जुलै 2019 मधील युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेची पात्रता लढत मला विशेष वाटते. घरच्या सामन्यात क्रोएशियाच्या हयदुक स्प्लिटकडून 0-2 असे हरल्यावर, स्प्लिटमध्ये जाऊन या संघाने 3-1 असा विजय मिळवला आणि एकूण 3-3 अशी बरोबरी असताना परक्या मैदानावर अधिक गोल केल्याच्या नियमाने पुढची फेरी गाठली. त्या फेरीत लॅटव्हियाच्या व्हेंट्स्पिल्सने त्यांना बाहेर काढले, ही गोष्ट वेगळी.