फाइव्ह पॉइंट वनचा आवाज कुठं अडकला? तुमचे अनुभव लिहा

शहरात स्पीकर रुसला की दुकान चार पावलांवर असतं. आपल्याकडे फाइव्ह पॉइंट वनचे पाच स्पीकर, एक डबा (धडधड आवाजाचा सबवूफर) आणि वायरींचं भेंडोळं घेऊन तालुक्याच्या एसटीत चढायचं, तेही बिघाड डब्यात आहे की कॉम्प्युटरमध्ये हे न कळता. म्हणून हा धागा. मागचे स्पीकर मुके, मधला घोगरा, डब्यातून सतत घूंऽऽ, असं काही झालं असेल आणि घरच्या घरी सुटलं असेल तर लिहा. 'नवीन सेट घ्या' हा सल्ला मात्र नको.

सुरुवात मीच करतो. सेटच्या पिना हिरवी, काळी, नारिंगी. मदरबोर्डच्या मागची भोकं हिरवं, निळं, गुलाबी. रंग जुळत नाहीत म्हणून काळी-नारिंगी पिन तशीच लोंबत ठेवणारे पुष्कळ पाहिलेत. रिअलटेकच्या (कॉम्प्युटरचा आवाज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पॅनेलमध्ये ५.१ निवडलं की बहुतेक बोर्डांवर निळं भोक मागच्या स्पीकरांचं होतं आणि गुलाबी मधल्याचं व सबवूफरचं. त्यानंतर विंडोजच्या साउंड सेटिंगमधलं 'कॉन्फिगर' उघडून टेस्ट दाबायची. एकेक स्पीकर पाळीपाळीनं बोलतो. माइकची जागा जाते, पण तो कॅबिनेटच्या पुढच्या भोकात लावता येतो.

कपाशीवाला, हिंगणघाटजवळ
टेस्टमध्ये सगळे वाजतात, गाणं लावलं की पुढचे दोनच? हा बिघाड नव्हेच. यूट्यूबवरचं बहुतेक सगळं दोन चॅनेलचं, म्हणजे डाव्या-उजव्या दोनच स्पीकरांसाठीचं असतं, मागच्यांना त्यात कामच नाही. रिअलटेकमध्ये 'स्पीकर फिल' असेल तर ते चालू करा, तोच आवाज मागेही जातो. पिक्चरची फाइल असेल तर व्हीएलसी प्लेयरमध्ये कोडेकची (फाइलमधल्या आवाजाच्या प्रकाराची) माहिती उघडून पाहा. 'स्टिरिओ' लिहिलं असेल तर स्पीकरला शिव्या देऊ नका. '३एफ२आर/एलएफई' दिसलं तर पुढे तीन, मागे दोन आणि सब, असा पूर्ण माल आहे.

दर्यापूरचा भाचा
आमच्या इथं लय गंमत झाली. गाणे मस्त, मारामारी मस्त, पण हिरो बोलला का आवाजच नाही! बाबा म्हणे, मुका पिच्चर आणला काय बे? पिच्चरमधलं बोलणं जास्त करून मधल्या स्पीकरातून येते, अन् त्याचीच वायर उंदरानं कुरतडली होती. बाजूच्या खोलीत सोयाबीनचे पोते, मंग उंदीर कायले सोडते? नवी वायर येईपर्यंत 'कॉन्फिगर'मध्ये मधल्या स्पीकरची टिक काढून ठेवली. बोलणं पुढच्या दोघांतून यायले लागलं.

मेहकरकर
माझा त्रास घुंईचा. आधी सेटच्या पिना कॉम्प्युटरमधून काढून मोबाइलला लावून पाहिल्या, मोबाइल चार्जिंगला न लावता. आवाज स्वच्छ. म्हणजे डबा निर्दोष, लफडं कॉम्प्युटरच्या बाजूला. कॅबिनेटला हात लावला तर झिणझिण्या. एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनी, अर्थिंगच नाही! तीन पिनी बोर्ड आणला, घूं अर्धी झाली. उरलेली मे महिन्यात वाढायची. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. वायरमननं खड्ड्यात मीठ-कोळसा भरून दिला, आता उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओततो. स्पीकर आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर घ्या, हेही महत्त्वाचं.

काही जण घूं घालवायला प्लगची जाड पिनच मोडतात. कृपा करून हे करू नका. आवाज जाईल, पण वीज उतरायची वाट बंद होईल, आणि घरात लेकरं असतात.

लाइन गेल्यावरच घूं येत असेल तर इन्व्हर्टर पाहा. स्क्वेअर वेव्हवाला असेल तर तो गुणगुणणारच.

मूलची ताई
आमच्याकडे खर्रखर्र. टेबल कूलरच्या तोंडासमोर होतं, दमट हवेनं पिना हिरवट पडल्या होत्या. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पुसल्या, टेबल हलवलं.

संत्रावाला, काटोल
एचडीएमआयनं टीव्हीला जोडलं आणि ५.१ चा पर्यायच दिसेना. टीव्ही कॉम्प्युटरला सांगतो की मला दोनच चॅनेल येतात, म्हणून विंडोज दोनच दाखवतं. हिरव्या-काळ्या-नारिंगी पिनांच्या जोडणीवर परत आलो, सुटलं.

दर्यापूरचा भाचा
धागावाले भाऊ, वायर तर आली. पण आता मधल्यातून नुसती धडधड अन् डब्यातून घोगरं बोलणं. हे काय होऊन रायलं?

धागाकर्ता
नारिंगी पिनेत मधला आणि सब दोन्ही असतात. काही सेटमध्ये त्यांची अदलाबदल असते. रिअलटेकच्या पॅनेलमध्ये सेंटर आणि सबवूफर अदलाबदल करायचा पर्याय शोधा, टिक करा. तो नसेल तर डब्याच्या मागे नवी वायर दुसऱ्याच टोकाला गेली नाही ना, तेवढं पाहून इथंच सांग.