मदत हवी आहे : ट्विन टर्बो डिझेलसाठी पाइपांचे व्यास

नमस्कार मंडळी,

जुन्या ट्रकमधून काढलेल्या कमिन्स 5.9 लिटर सहा सिलिंडर डिझेल इंजिनावर मी कंपाउंड पद्धतीने दोन टर्बो (एक्झॉस्टच्या वायूवर फिरून इंजिनात जाणारी हवा दाबणारी यंत्रे) बसवत आहे, म्हणजे मोठ्या टर्बोने दाबलेली हवा लहान टर्बोत जाऊन पुन्हा दाबली जाईल. 2800 आरपीएमला एकूण दाब वातावरणाच्या साडेतीनपट धरला, तर सेकंदाला साधारण 0.45 किलो हवा लागेल असा माझा हिशेब आहे.

फिल्टरपासून मोठ्या टर्बोपर्यंत 100 मिमी पाइप घेतल्यास हवेचा वेग सेकंदाला सुमारे 50 मीटर येतो, त्यामुळे तिथे काळजी नाही. इंटरकूलरनंतरची (म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या भागानंतरची) हवा थंड आणि दाट असल्याने 63 मिमी पुरेसा वाटतो. अडचण दोन टर्बोंमधल्या जोडणीची आहे. तिथे हवा 115 अंशांच्या आसपास तापलेली असेल. 63 मिमी पाइपात वेग 85 मीटरवर जातो, 76 मिमीत तो 58 वर येतो. पण पुठ्ठ्याचा साचा लावून पाहिला, तर 76 मिमीचा बाक स्टिअरिंग बॉक्सला जेमतेम बोटभर अंतरावरून जातो आणि इंजिन हलल्यावर तो घासेल, अशी मला भीती वाटते.

दुसरा प्रश्न एक्झॉस्टचा. लहान टर्बोच्या टर्बाइनमधून (एक्झॉस्टच्या वायूने फिरणाऱ्या चाकाकडून) मोठ्याकडे जाणारा पाइप 63 मिमी ठेवला, तर वायूची उष्णता आणि वेग टिकतो, मात्र मागे दाब वाढून एक्झॉस्टचे तापमान चढेल. तिथे 76 मिमी योग्य ठरेल का? शेवटचा पाइप 100 की 125 मिमी घ्यावा? ज्यांनी प्रत्यक्ष अशी जोडणी केली आहे, त्यांनी आपले व्यास आणि दोन टर्बाइनमध्ये मोजलेला दाब कृपया कळवावा.