चाल दुसऱ्याच्या हाताने खेळता येते, तर तो क्रीडाप्रकार कसा?

उत्तरवारा

बुद्धिबळ, पत्त्यांतला ब्रिज, ई-स्पोर्ट्स (म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) यांना क्रीडाप्रकार म्हणावं की नाही, हा वाद निघाला की साधारण दोनच उत्तरं ऐकू येतात. घाम येत नाही, म्हणून नाही. किंवा मग, ऑलिम्पिक समितीने मान्यता दिलीय, म्हणून होय. मला दोन्ही लंगडी वाटतात. घामाचंच बघायचं तर नेमबाज जागचा हलतही नाही, तरी नेमबाजी १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकपासून आहे. आणि मान्यतेचं म्हणाल तर १९१२ ते १९४८ या काळात ऑलिम्पिकमध्ये चित्रकला, शिल्पकला, साहित्य, संगीत आणि वास्तुरचना यांनाही पदकं मिळायची. तेवढ्यावरून कवितेला कुणी क्रीडाप्रकार म्हणत नाही.

माझी कसोटी अशी: निकाल ठरवणारी कृती खेळाडूच्या सांगण्यावरून दुसऱ्या कुणी केली, तरी निकाल तोच लागेल का? लागत असेल तर तो क्रीडाप्रकार नाही. ज्या बुद्धिबळपटूला हात हलवता येत नाही, त्याच्यासाठी सहायक मोहरे हलवतो. नियमांतच तशी सोय आहे. पत्राने खेळायचं बुद्धिबळही जुनंच. चाल कुणाच्या हाताने झाली, याने डावात तसूभर फरक पडत नाही. नेमबाजाला मात्र ‘तू सांग, ट्रिगर मी ओढतो’ असं म्हणता येणार नाही. भाला कोणत्या कोनात सुटला पाहिजे हे पाठ असून भागत नाही, तो तसा सोडता यावा लागतो.

यात बुद्धिबळाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. माणसाने घडवलेल्या सगळ्यात सुंदर गोष्टींत मी त्याला धरतो. पण थोर असणं वेगळं आणि क्रीडाप्रकार असणं वेगळं. सध्या ‘क्रीडाप्रकार नाही’ म्हटलं की लोकांना अपमान झाल्यासारखा वाटतो, आणि म्हणून जो तो त्याच एका रांगेत घुसू पाहतो. मतं वाचायला आवडतील, विशेषतः विरोधातली.

अडीच घरं

विरोधातलं घ्या मग. तुमची कसोटी फक्त हाताकडे बघते. १९८४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालेला कार्पोव्ह–कास्पारोव्ह जगज्जेतेपदाचा सामना आठवा. सहा विजय आधी मिळवेल तो जिंकणार, असा नियम होता. ४८ डाव झाले तरी निकाल लागेना आणि १९८५ च्या फेब्रुवारीत, खेळाडूंच्या थकव्याचं कारण देऊन, सामना मध्येच थांबवला गेला. कार्पोव्हचं वजन सुमारे दहा किलो उतरल्याचं तेव्हापासून सांगितलं जातं. पहिल्या नऊ डावांत चार आणि पुढे पाचवाही विजय घेऊन बसलेल्या माणसाला शेवटचा एक विजय मिळवता आला नाही, तो काय ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या पाठ चाली) विसरला म्हणून?

मी स्पर्धात्मक बुद्धिबळ बरीच वर्षं खेळतोय. क्लासिकल डावाच्या चौथ्या-पाचव्या तासाला जी घोडचूक होते, ती अज्ञानाने होत नाही. ती चाल वाईट आहे हे पहिल्या तासात झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. शरीर दमलेलं असतं, आणि मेंदू त्याच शरीराच्या इंधनावर चालतो. सहायक मोहरा हलवेल, पण पाच तास खुर्चीत खेळाडूच बसलेला असतो. थकवा सहायकाकडे सोपवता येत नाही.

उत्तरवारा

थकवा खराच, पण तो दीर्घ शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनलाही येतो. शरीराने साथ देणं आणि शरीराने निकाल ठरवणं यांत अंतर आहे.

याचं एक ठळक उदाहरण ब्रिजमध्ये सापडतं. नॉर्वेचा गेर हेल्गेमो जागतिक क्रमवारीत पहिला होता. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत कृत्रिम टेस्टोस्टेरॉन आढळलं म्हणून त्याच्यावर एक वर्षाची बंदी आली. ब्रिज महासंघ ऑलिम्पिक समितीची मान्यता घेऊन बसलाय, म्हणजे नियम लागू झालेच. पण टेस्टोस्टेरॉन घेतल्याने कुणाचा ब्रिज सुधारतो का? शरीराच्या चाचणीचा निकालाशी काही संबंधच उरत नाही, तिथे आपण क्रीडाप्रकाराचा साचा नुसता वरून बसवलाय हे उघड दिसतं.

निशा_१०मी

मी रायफल शिकवते, म्हणून एवढंच सांगते. ‘जागचा हलत नाही’ हे बाहेरून दिसतं. आत श्वास अर्ध्यावर रोखलेला असतो, पाय-कंबर-खांदा एका रेषेत कुलूपबंद असतात आणि चांगले नेमबाज दोन ठोक्यांच्या मध्ये ट्रिगर सोडायला शिकतात. हृदयाचा एक ठोका नळी हलवतो. म्हणून बीटा ब्लॉकर गोळ्यांवर नेमबाजी, तिरंदाजी, डार्ट्स, बिलियर्ड्स यांत बंदी आहे. २००८ मध्ये बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जाँग सूची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल या बीटा ब्लॉकरमुळे काढून घेतली गेली. गोळी हृदय शांत करते आणि गुण वाढतात, इतका सरळ संबंध. धागाकर्त्यांची कसोटी मला पटते.

मृण्मयी

मला नाही पटत. पियानोवादनाच्या स्पर्धा घ्या. तिथेही दुसऱ्याची बोटं चालत नाहीत. शरीराची तयारी अफाट लागते, लहानपणापासूनचा रोजचा सराव, बोटांचा वेग, मनगटाच्या दुखापती, सगळं आहे. स्पर्धा आहे, क्रमांक आहेत, परीक्षक आहेत. तुमच्या कसोटीत पियानो पूर्ण गुणांनी पास होतो. मग त्याला क्रीडाप्रकार म्हणायला तयार आहात? नसाल तर कसोटीत काहीतरी सुटलंय.

उत्तरवारा

प्रश्न अगदी वर्मावर आहे. माझं उत्तर असं की एक अट गृहीत होती, ती उघड लिहायला हवी. क्रीडाप्रकारात अडचण नियमांनीच मुद्दाम निर्माण केलेली असते आणि नियमांबाहेर त्या यशाला अर्थ नसतो. चेंडू जाळ्यात जाण्याने जगात कुणाचं काही भलं होत नाही. हाताने उचलून टाकणं कितीतरी सोपं, पण ते निषिद्ध. पियानोवरची रचना स्पर्धा नसतानाही पूर्ण असते. ती ऐकायला लोक येतात, तिथे कुणी हरत नाही.

मृण्मयी

मग फिगर स्केटिंगचं काय करणार? स्पर्धेबाहेर त्याचेही कार्यक्रम होतात आणि लोक कुणाच्याही हारजितीशिवाय बघतात. आणि परीक्षकांचा मुद्दा तर तुम्ही हाताळलाच नाही. २००२ ला सॉल्ट लेक सिटीत जोडी स्केटिंगमध्ये एका पंचाने दबावाखाली मत दिल्याचं प्रकरण गाजलं. कॅनडाच्या जोडीला मागाहून दुसरं सुवर्ण द्यावं लागलं, आणि त्यानंतर गुण देण्याची पद्धतच बदलली. २०२४ च्या पॅरिसमध्ये ब्रेकिंगला, म्हणजे ब्रेकडान्सला, तंत्राबरोबर मौलिकतेचे आणि संगीताशी जुळण्याचेही गुण होते. पियानोच्या परीक्षकाचं काम यापेक्षा फार वेगळं आहे, असं मला वाटत नाही. माझ्या मते जिथे शेवटी आवडीनिवडीवर पदक ठरतं, त्या सगळ्याला कलास्पर्धा म्हणावं. त्यात कमीपणा नाही, हे तुम्हीच वर म्हणालात.

निशा_१०मी

जिम्नॅस्टिक्ससुद्धा बाहेर? तिथे प्रत्येक उडीचं काठिण्यमूल्य आधी छापलेलं असतं, उतरताना एक पाऊल सरकलं की ठरलेले गुण वजा. याला आवड कसं म्हणायचं?

सुहास

सगळे एकच व्याख्या शोधताय, पण व्याख्या कशासाठी हवी हे ठरवल्याशिवाय ती सापडणार नाही. इंग्लंडच्या ब्रिज संघटनेचा खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. स्पर्धांच्या प्रवेशशुल्कावरचा व्हॅट माफ व्हावा म्हणून ब्रिजला क्रीडाप्रकार ठरवा, अशी मागणी होती. युरोपीय न्यायालयाच्या महाधिवक्त्याने ‘ब्रिज क्रीडाप्रकार आहे’ असं मत दिलं. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने नेमकं उलट ठरवलं: करमाफीपुरता क्रीडाप्रकार म्हणजे ज्यात शारीरिक भाग नगण्य नाही असा. मात्र ब्रिज सांस्कृतिक सेवांत बसू शकेल का, ही वाट त्यांनी मोकळी ठेवली. आणि पुढच्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ब्रिजला पदकं!

कर खात्याला शरीर महत्त्वाचं, कारण सवलत लोकांनी हालचाल करावी म्हणून असते. स्पर्धा भरवणाऱ्याला न्याय्य चुरस महत्त्वाची. दोघांची उत्तरं वेगळी आली तर कुणीतरी चुकलं असा अर्थ होत नाही.

पायवाट

ई-स्पोर्ट्सवर अजून कुणी बोललं नाही. क्रीडा महासंघांच्या जागतिक संघटनेने, स्पोर्टअकॉर्डने, पूर्वी काही निकष ठेवले होते. स्पर्धा हवी, मुद्दाम घातलेला नशिबाचा भाग नको, खेळाडूच्या जिवाला अवाजवी धोका नको, कोणत्याही सजीवाला इजा नको. आणि शेवटचा निकष असा, की एकाच पुरवठादाराच्या साधनावर अवलंबून नको.

मला तो शेवटचा निकष सगळ्यात शहाणा वाटतो. फुटबॉल कुणाच्या मालकीचा नाही. फिफा उद्या बुडाली तरी चेंडू आणि मैदान उरेल. लीग ऑफ लेजंड्स हा व्हिडिओ गेम मात्र एका कंपनीची मालमत्ता आहे. कंपनी हंगामाच्या मध्यात एखाद्या पात्राची ताकद कमी करते, आणि ज्याने त्या पात्रावर वर्ष घालवलं त्याची मेहनत एका अपडेटमध्ये वाया जाते. सर्व्हर बंद झाला की प्रकारच संपला. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये त्याला पदकं मिळाली, पण खेळाडूंची कौशल्यं एका दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून असणं मला धोकादायक वाटतं. हाताचा वेग, प्रतिक्रियेचा वेळ यांबद्दल माझी तक्रार नाही, ते शंभर टक्के शारीरिक आहेत.

उत्तरवारा

मालकीचा मुद्दा गंभीर आहे, पण तो कारभाराचा आहे. खेळाडू काय करतो यावर त्याने फरक पडत नाही. माउस दुसऱ्याच्या हातात देऊन, तोंडी सांगून ई-स्पोर्ट्स जिंकता येणार नाहीत. त्यामुळे माझ्या हिशेबाने ते क्रीडाप्रकार आहेत आणि बुद्धिबळ नाही. हे अनेकांना उलटं वाटेल, तरी मी त्यावर ठाम आहे.

मृण्मयी, स्केटिंगमध्ये उडीतले फेरे मोजले जातात, पडलं की गुण जातात. तेवढा भाग क्रीडा, उरलेला कला. मिश्रण आहे, आणि मिश्रण असायला माझी हरकत नाही.

अडीच घरं

मग ब्लिट्झचं उत्तर द्या. तीन मिनिटांच्या डावात शेवटचे दहा सेकंद हाताच्या वेगावर ठरतात. ज्या हाताने मोहरा हलवला त्याच हाताने घड्याळ दाबायचं, असा नियमच आहे. मोहरा कलंडला तर स्वतःच्या वेळेत उभा करायचा. जिंकलेली स्थिती हाताशी असून निव्वळ हात मागे पडल्याने हरलेले डाव मी खेळलोय. इथे सहायक बसवला तर निकाल बदलेल. पट तोच, मोहरे तेच, चाली त्याच. वेळ तीन मिनिटं ठेवली की क्रीडाप्रकार आणि दोन तास केली की नाही?

उत्तरवारा

होय. असंच म्हणतो मी. चालणं तेच असतं, पण रोजच्या चालण्याला कुणी क्रीडाप्रकार म्हणत नाही आणि ऑलिम्पिकमधल्या चालण्याच्या शर्यतीला म्हणतो. वेळेचं बंधन इतकं आवळलं की हातच निकाल ठरवू लागला, तर ब्लिट्झ माझ्या यादीत आहे. क्लासिकल नाही.

अडीच घरं

म्हणजे जगज्जेता ज्या डावांवर ठरतो तेच बाहेर, आणि घड्याळावरची झटापट आत. ज्या कसोटीतून हे निघतं, ती मला मान्य नाही. क्लासिकल डावाच्या पाचव्या तासाबद्दल तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही. सर्जनचं उदाहरण पुरेसं नाही, कारण सर्जनला हरवायला समोर कुणी बसलेलं नसतं. माझा प्रतिस्पर्धी मला दमवण्यासाठीच बरोबरीचा डाव तास न् तास लांबवतो. दुसऱ्याचं शरीर मुद्दाम मोडायचा डावपेच जिथे चालतो, तिथे शरीर निकाल ठरवत नाही असं कसं म्हणता?