पावसाळ्यातला कार्बन डायऑक्साइड: लेझर हवा की काब द रामच्या बाटल्या? (चौघांची चर्चा, टोपणनावांनी)

डिचोलीकर

हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारे बहुतेक उपग्रह उन्हावर चालतात. नासाचा ओसीओ-२ (२०१४) जमिनीवरून परतलेला सूर्यप्रकाश तपासतो. त्याचा एकेक ठिपका, म्हणजे एका वाचनात दिसणारा जमिनीचा तुकडा, साधारण ३ चौरस किलोमीटरचा, त्यात ढग आला की वाचन बाद. जून ते सप्टेंबर आपल्याकडे काय उरतं मग? सह्याद्री हिरवागार होतो, झाडं हवेतून हा वायू ओढून घेत असतात, त्याच महिन्यांची पानं कोरी. आणि रात्रीचं तर विसराच.

लेझरचं काम वेगळं. १.५७ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास अगदी जवळजवळच्या दोन तरंगलांबी खाली सोडायच्या: एक कार्बन डायऑक्साइड शोषतो ती, दुसरी जवळपास न शोषली जाणारी. परत येताना पहिलीचा प्रकाश जितका जास्त क्षीण झाला, तितका वाटेत वायू जास्त. जायला-यायला लागलेल्या वेळावरून अंतरही कळतं, त्यामुळे प्रकाश ढगावरून परतला की जमिनीवरून, हा घोळ राहत नाही. चीनने एप्रिल २०२२ मध्ये असा उपग्रह सोडला, दाची-१. तो रात्रीही मोजतो. माझं म्हणणं, भारताने अशा यंत्रावर पैसा घालावा, आणि विमानातून चाचणी घ्यायची तर गोव्याच्या किनाऱ्यावर घ्यावी.

काणकोणची

चाचणीला गोवा आठवला, पण काम आधीच झालंय ते नाही आठवलं? दक्षिण गोव्याच्या किनाऱ्यावर, काब द रामच्या टोकावर, १९९३ पासून हवा बाटल्यांत भरून घेत होते. अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियाची सरकारी संशोधन संस्था सीएसआयआरओ, दोघांचं मिळून. पावसाळ्यात तिथे नैऋत्येचा वारा, म्हणजे समुद्रावरची, बरीचशी दक्षिण गोलार्धातून आलेली हवा. हिवाळ्यात वारा फिरतो आणि देशावरची हवा येते. हा फरक बाटलीत स्वच्छ दिसला, शिवाय त्यातला कार्बन कुठून आला त्याचा माग समस्थानिकांवरून, म्हणजे कार्बनच्याच हलक्या-जड अणूंच्या प्रमाणावरून लागतो. तो तुमचा लेझर सांगणार आहे का? आणि बाटलीला ढगांचं सोयरसुतक नसतं.

डिचोलीकर

बाटली त्या टोकावरची हवा सांगते. म्हादई, नेत्रावळीची जंगलं, वरचा घाट, यांचं काय? एका ठिकाणावरून अख्ख्या डोंगररांगेचा हिशेब कसा मांडणार?

दोना पावला

दोघांचंही थोडं अडवतो. डिचोलीकर, आषाढातला ढग लेझरलाही भेदता येत नाही. विरळ, उंचावरचा ढग असेल तर निभतं, आणि ठिपका लहान असल्याने फटीतून जमीन गाठता येते, एवढंच. फट तर हवी ना! समुद्रावर आणखी पंचाईत. खवळलेलं पाणी सरळ वर कमी प्रकाश परतवतं, म्हणजे ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारा सिग्नल क्षीण.

खरी अडचण मात्र आकड्याची आहे. उपग्रह वरपासून खालपर्यंतच्या अख्ख्या हवेची सरासरी देतो. तळच्या एक किलोमीटरमध्ये हवेच्या वस्तुमानाचा जेमतेम नववा हिस्सा. जंगलाने तिथे १० पीपीएम (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे १०) कमी केले तर वरून दिसणार सुमारे १ पीपीएम, तेही ४२० च्या वर गेलेल्या एकूण आकड्यात. वाटेत एकूण हवा किती हे दाबावरून काढतात; त्या दाबाचा अंदाज हजारात दोन-तीनने चुकला तरी तो १ पीपीएम गेला.

कुळागरवाला

एक विचारू? मुरगावला बंदरातल्या कोळशाची धूळ लोकांच्या घरात येते, आणि आपण पीपीएम मोजत बसलोय. हा पैसा तिकडे का नको?

दोना पावला

धूळ मोजायला स्वस्त यंत्रं आहेत हो, त्यासाठी हा खर्च अडवायची गरज नाही. ती मागणी वेगळी करा, मी सही करतो.

डिचोलीकर

दाबाचा मुद्दा मान्य, पण वाऱ्याच्या-दाबाच्या प्रारूपांतून तो बराच नेमका मिळतो. आणि १ पीपीएम अवघड आहे म्हणून कोऱ्या पानावरच समाधान मानायचं? एका वाचनात नाही दिसणार, हजारो वाचनांच्या सरासरीत दिसेल. रात्रीचं बघा: झाडं श्वास सोडतात तेव्हाचा आकडा उन्हावरचा उपग्रह कधीच देणार नाही.

काणकोणची

सरासरीने विखुरलेली चूक कमी होते, एका बाजूला कललेली होत नाही. यंत्र सगळीकडे अर्धा पीपीएम जास्त दाखवत असेल तर हजार वाचनंही तेच दाखवणार. ते पकडायला जमिनीवर खात्रीचा आकडा लागतो, आणि नुसता टोकावरच्या बाटलीतला नाही, वरपर्यंतच्या हवेचा. तेव्हा विमान उडवायचंच तर त्यात बाटल्याही घ्या, खालपासून वरपर्यंत भरत जा. खाली काब द रामला नियमित मोजणी हवी, तिच्या पगाराची आणि सुट्या भागांची तजवीज आधी. एवढं तुमच्या प्रस्तावात घाला, मग मी विरोध सोडते.

डिचोलीकर

घालतो. पण खर्चाचा आकडा बघून कुळागरवाले भडकणार.

कुळागरवाला

भडकलोच आहे. सह्या कुठे करायच्या ते सांगा, कोळशाच्या.