चिकासॉही आणि बॅप्टिस्ट पाळकही: यात विसंगती आहे का?

खोपा:
आम्ही अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या एडा गावात राहतो. चिकासॉ ही इथली एक मूलनिवासी जमात. तिच्या सरकारचं, म्हणजे चिकासॉ नेशनचं, मुख्यालय इथेच आहे. गेल्या महिन्यात शेजारच्या आजी गेल्या, म्हणून गावाबाहेरच्या एका लहानशा बॅप्टिस्ट चर्चमध्ये अंत्यविधीला गेले होते. पाळक स्वतः चिकासॉ, सत्तरी ओलांडलेले. काळा कोट, आणि टायच्या जागी मणीकाम केलेली दोरी. बायबलमधला उतारा इंग्रजीतून वाचला, पुस्तक मिटलं आणि चॉक्टॉ भाषेतलं एक स्तोत्र सुरू केलं. (चॉक्टॉ ही शेजारची जमात. चॉक्टॉ आणि चिकासॉ अगदी जवळच्या भाषा. इथले चिकासॉ ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या चॉक्टॉ स्तोत्रंच गात आलेत.) पियानो नाही, काही नाही. पहिली ओळ त्यांनी एकट्यानं उचलली, दुसरीला मागच्या बाकावरच्या तीन म्हाताऱ्या बायका मिळाल्या. तरुण मंडळी पुस्तकातल्या शब्दांखाली बोट धरून गात होती.

मग उपदेशात त्यांनी चिकासा आणि चाहता या दोन भावांची, म्हणजे चिकासॉ आणि चॉक्टॉंच्या मूळपुरुषांची, गोष्ट सांगितली. नव्या भूमीच्या शोधात निघालेले हे भाऊ रोज रात्री एक काठी जमिनीत रोवायचे आणि सकाळी ती जिकडे कललेली दिसेल तिकडे चालायला लागायचे. काठी सरळ उभी राहिली की मुक्कामाची जागा आली. सोबत एक पांढरा कुत्रा. ती गोष्ट संपते न संपते तोच बायबलमधला, इस्राएल लोकांपुढे चालणारा अग्निस्तंभ आला. "आपल्या आजींची काठी आज सरळ उभी राहिली," असं म्हणून ते थांबले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

घरी आल्यावर एका मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, "ज्यांनी जमीन घेतली त्यांचाच धर्म हा माणूस सांगतो, आणि अभिमान कसला मिरवतो?" मला हे पटलेलं नाही. पाळक म्हणून उभं राहिलेला तो माणूस मला नखशिखान्त चिकासॉ वाटला. तुम्हाला काय वाटतं?

कडूनिंब:
तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. डोळ्यांत पाणी येणं हा पुरावा होत नाही.

चिकासॉंचा मूळ प्रदेश आजच्या उत्तर मिसिसिपीत आणि आसपासच्या अलाबामा, टेनेसी, केंटकीत. त्यातला उरलेला भाग १८३२ च्या पॉन्टोटॉक करारानं गेला. १८३७ मध्ये त्यांना पश्चिमेला जावं लागलं आणि तिथेही चॉक्टॉंच्या मुलखात राहण्यासाठी ५,३०,००० डॉलर स्वतःच्या खिशातून मोजावे लागले. इंडियन लोकांना पश्चिमेला हलवा म्हणून १८२० च्या दशकापासून हिरिरीनं प्रचार करणाऱ्यांमध्ये आयझॅक मकॉय हे बॅप्टिस्ट मिशनरीच होते. तो इतिहास माहीत असूनही कुणी त्याच पंथाचं पाळकपण घेत असेल, तर त्यानं घेवो, पण त्याला वारसा म्हणू नका.

गोदाकाठ:
कडूनिंब, मकॉय खरे. पण तेवढेच खरे इव्हान जोन्स आणि जेसी बुशीहेड. दोघेही बॅप्टिस्ट पाळक. बुशीहेड स्वतः चेरोकी, म्हणजे अशाच दुसऱ्या एका जमातीचे. १८३८ मध्ये चेरोकींना हाकललं तेव्हा बुशीहेडनी एका तांड्याचं नेतृत्व केलं, जोन्स दुसऱ्या तांड्याच्या प्रमुखाचे साहाय्यक होते, आणि दोघेही त्यांच्याबरोबर आजच्या ओक्लाहोमापर्यंत गेले. त्याच पंथाची ही पण माणसं. एकाचंच नाव घेऊन कसं चालेल?

दुसरं, हा विषय माझ्या घरातला आहे. माझे आजोबा नगर जिल्ह्यात पाळक होते. ज्या अमेरिकन बोर्डाचे (बॉस्टनच्या मिशनरी संस्थेचे) मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्याच बोर्डाचे १८१८ पासून चॉक्टॉंमध्ये होते, आणि १८२७ मध्ये चिकासॉंमधलं मन्रो मिशनही त्याच बोर्डानं हाती घेतलं. म्हणजे बॉस्टनमधल्या एकाच कचेरीत नगरची आणि मिसिसिपीची पत्रं येत होती. आजोबा रविवारी धोतर नेसून, टाळ-मृदंगावर नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत. लहानपणी शाळेत मला एकानं विचारलं होतं, "तुम्ही ख्रिश्चन ना, मग मराठी कसं बोलता?" त्या प्रश्नाचा ओरखडा अजून आहे. धागाकर्तीच्या मैत्रिणीचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

कडूनिंब:
तुम्हाला तसा प्रश्न विचारला गेला याचं वाईट वाटलं, ते मनापासून सांगतो. पण तुलना चुकते आहे. तुमच्या आजोबांना नगरमधून कुणी उठवलं नव्हतं. आपल्याकडे कित्येकांनी जातीच्या जाचातून सुटण्यासाठी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्यांना काहीतरी मिळवायचं होतं. चिकासॉंकडून सगळं हिसकावलं गेलं आणि मग धर्म हातात ठेवला गेला. आणि चर्चमध्ये आलं की स्टॉम्प डान्स हा पारंपरिक नाच सोडा, ही अट किती ठिकाणी घातली गेली? पायांना कासवाच्या पाठींचे खुळखुळे बांधून रात्रभर आगीभोवती नाचणाऱ्या बायकांच्या नातींना ते पाप म्हणून शिकवलं गेलं. खोपा, तुमचे पाळक त्यावर काय म्हणतात?

टिपकागद:
एक छोटी दुरुस्ती, कारण मन्रो मिशनच्या उल्लेखामुळे गैरसमज होईल. चिकासॉ लोक मिशनऱ्यांच्या हातातलं बाहुलं नव्हते. ब्लूमफिल्ड अकॅडमी ही मुलींची शाळा १८५२ मध्ये मेथडिस्टांच्या मदतीनं सुरू झाली, पण पैसा चिकासॉंचा, आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर (१८६१-६५) कारभारही त्यांचाच. काय घ्यायचं, काय नाही, हे त्यांनी बऱ्याच अंशी स्वतः ठरवलं.

खोपा:
स्टॉम्प डान्सबद्दलचा कडूनिंब यांचा मुद्दा खरा आहे. चर्चची माणसं आणि नाचाची माणसं अशी फूट घराघरात होती, हे इथले म्हातारे सांगतात. पण काय पुसलं गेलं आणि काय लपून राहिलं, हे बाहेरून कळत नाही.

त्या दिवशी अंत्यविधीनंतर चर्चच्या स्वयंपाकघरात पशोफा होता. भरडलेला मका आणि डुकराचं मांस, मोठ्या पातेल्यात तासन्‌तास रटरटत शिजवलेलं. शिजताना मीठ घालत नाहीत, ज्यानं त्यानं पानात घ्यायचं. एक बाई लाकडी उलथण्यानं तळापासून ढवळत होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती. पशोफा हे नुसतं जेवणाचं नाव नाही. जुन्या काळी आजारी माणसाला बरं करण्याच्या विधीचंही तेच नाव होतं. रुग्ण घरात, नातलग बाहेर नाचायचे आणि शेवटी ह्याच मक्याची पंगत बसायची. विधी गेला. पण माणूस गेल्यावर, घर दुखात असताना, तेच पातेलं चुलीवर चढतं, आणि ते चर्चच्या स्वयंपाकघरात चढतं.

आणखी एक. १९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि चिकासॉंचं स्वतःचं सरकार जवळजवळ संपलं. गव्हर्नर वॉशिंग्टनहून नेमला जायचा. १९७१ मध्ये ओव्हर्टन जेम्स निवडून आले तोवर हेच चाललं. त्या सहा दशकांत लोक एकत्र जमायचे कुठे, आपल्या भाषेत बोलायचे कुठे? कॉनरव्हिलजवळच्या सीली चॅपलमध्ये. स्वतःचं सरकार परत आणायची चळवळ तिथल्या बैठकांतून उभी राहिली. ते चर्च नसतं तर?

कडूनिंब:
सीली चॅपल मेथडिस्टांचं, बॅप्टिस्टांचं नाही. आणि चर्चमध्ये भाषा जगली म्हणता, तर आज चिकासॉ अस्खलित बोलणारे शंभराच्याही आत का आहेत? फक्त चिकासॉच येणाऱ्या शेवटच्या ज्ञात बाई, एमिली जॉन्सन डिकर्सन, २०१३ च्या डिसेंबरात वारल्या. चर्चमध्ये गायलं जातं तेही चॉक्टॉ.

पण हे सगळं बाजूला ठेवतो, कारण माझा खरा सवाल वेगळा आहे. चिकासॉंनी सुमारे हजार काळ्या माणसांना गुलाम म्हणून ठेवलं होतं. ते त्यांना मिसिसिपीहून सोबत घेऊन आले. यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं उभे राहिले. १८६६ च्या करारानंतरही मुक्त झालेल्या या लोकांना चिकासॉ नेशननं कधीच नागरिक केलं नाही. जमिनीची वाटणी झाली तेव्हा चिकासॉ नागरिकाला सरासरी प्रतीची ३२० एकर आणि फ्रीडमनला, म्हणजे मुक्त झालेल्या काळ्या माणसाला, ४०. अभिमान म्हणता तेव्हा यातलं काय काय अभिमानात येतं? प्रेषित आणि पूर्वज दोघांचं नाव घेणाऱ्या माणसाला हे विचारायला हवं.

गोदाकाठ:
हा प्रश्न योग्य आहे, आणि तो मी स्वतःलाही विचारतो. आमच्याही मंडळीत जुन्या जाती पाहून सोयरीक ठरवणारे आहेत. आजोबा त्यावर व्यासपीठावरून बोलले, तेव्हा दोन कुटुंबांनी चर्चला येणं सोडलं. पण म्हणून त्यांचा अभिमान खोटा ठरत नाही. अभिमान असला की माणूस बोलण्याची जबाबदारी घेतो. परक्याला काय पडलंय?

खोपा:
कडूनिंब, तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना. काल आजींच्या घरी भांडी परत द्यायला गेले तर पाळक तिथे होते. विचारलं. आधी गप्प बसले. मग म्हणाले, माझ्या आजीकडून काठीची गोष्ट शंभर वेळा ऐकली, पण मिसिसिपीहून निघाले तेव्हा सामान कुणी उचललं हे तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तीस वर्षं पाळक आहे, या विषयावर एकदाही उपदेश केलेला नाही. पुढे करीन असं काही म्हणाले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, तुमच्या गावात अशी माणसं कुठल्या बाजूला राहायची? मी सांगितलं. वेशीबाहेर.

कडूनिंब:
त्यांनी सारवासारव केली नाही, याबद्दल त्यांना माझा नमस्कार सांगा. मत मात्र मी बदललेलं नाही. ज्या रविवारी ते यावर बोलतील, त्या रविवारी इथे लिहा.

खोपा:
लिहीन. चर्चला जायला आता मलाही निमित्त आहे.